आधी जेवा की, मॅडम!

पांढरा रस्सा उकळायला लागला, की ती दुपार आठवते. माझ्या दारुड्या भावाच्या मारातून सोडवलेल्या त्याच्या आईवेगळ्या, आठ वर्षांच्या लेकीला कोण सांभाळणार, हे विचारायला बालकल्याणच्या मॅडम मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आल्या होत्या. सगळी भावकी जमली. “आधी जेवा की मॅडम, कोल्हापुरातनं उपाशी जाताय व्हय?” असा गलका झाला. “आधी पोरीचं बोला,” मॅडम म्हणाल्या, तशी रस्सा भुरकायचे आवाजही थांबले. एरवी कुणाला बोलू न देणारा मी गोष्टीवेल्हाळ गडी, पण नेमका तेव्हाच नळी चोखण्यात गुंतलो. शेजारी बसलेली पोर हळूच म्हणाली, “काका, मी लई खात न्हाय.” मी तिच्या ताटात मटणाची आणखी एक फोड वाढली. संध्याकाळी मॅडम तिला संस्थेत घेऊन गेल्या. आता ती कुठं असते, हे कुठल्या तोंडानं विचारू?