दहाच्या चौरसाचा जोडीदार

बन्नूरच्या शाळेत मी पाढे शिकले, मैसूरला गणित. आमच्या घरात पदवी कुणालाच नव्हती. वडील शिंपी. एम.एस्सी.चा प्रबंध म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो पुरा झाला तरच मुलगी पास होणार, एवढं मात्र ते गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

आणि तो प्रबंध अडला होता. दहा ओळी, दहा रकाने, दहा आकडे. ओळीत किंवा रकान्यात कुठलाही आकडा दोनदा नाही, असा एक चौरस मला दिला होता. त्याचा जोडीदार म्हणून त्यावर दहा रंग त्याच नियमानं असे भरायचे, की आकडा-रंगाची एकही जोडी पुन्हा येऊ नये. म्हणजे एका रंगाला दहा घरं, प्रत्येक ओळीतलं, रकान्यातलं, आकड्याचं एकेक. असे संच कॉम्प्युटरनं भराभर काढले. त्यांतून एकही घर सामाईक नसलेले दहा संच निवडताना तो थबकला.

दुपारी प्रयोगशाळेत पंखा घरघरायचा, पडद्यावर हिरवी अक्षरं मंद उजळायची. बघता बघता घरं सैल होऊन पाण्यावर तरंगायला लागायची आणि मीही त्यांच्याबरोबर कुठेतरी वाहत जायचे. भानावर यावं तर यंत्र अजून पहिल्याच रंगाशी.

माझ्या मार्गदर्शक बाई मैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी प्रोग्राम वाचला.

"अय्यो, एक संच ठेवायच्या आधी हा उरलेले सगळे का चाचपतो गं?"

"चुकला तर, मॅडम?"

"चुकला तर ठेवलेला संच उचलेल की! घरी काय करतात?"

"वडील शिंपी आहेत."

त्या खदखदून हसल्या. "सरी, बरोबर! कात्री लागली की कापड गेलं, अं? अगं, इथं कापड संपत नाही. चुकू दे त्याला. बेगा बेगा, भराभर चुकू दे."

मला हे खरंच सुचलं नव्हतं. कात्री चालवण्याआधी वडील श्वास रोखून धरत, आणि मी यंत्रालाही तेच शिकवलं होतं. सगळी चाचपणी काढून टाकली. ठेव, अडलास तर उचल, दुसरा घे.

एका दुपारी पडदा थांबला. दहाही रंग बसले होते.

आम्ही दोघींनी तो चौरस कागदावर उतरवला आणि रंगीत खडूंनी रंगवला. मॅडम कन्नडमधून एकेक जोडी वाचत गेल्या, मी खुणा करत गेले. एकही जोडी परत आली नाही.

"लिहायला घे," त्या म्हणाल्या.

माझी बोटं खडूंनी माखली होती. घरी जायला बन्नूरच्या बसमध्ये बसले, तेव्हाही मी ती धुतली नव्हती.