कंपनीचा टाका

माझ्या लग्नात वडिलांनी आंदणात सायकल दिली. साधी काळी नव्हे, गिअरची, जाड टायरची, दांड्यावर इंग्रजीत डोंगराचं काहीतरी लिहिलेली. आमच्या शिवारात डोंगर नव्हता, हळद होती. मांडवात आंदण मांडलं तेव्हा सासूबाईंनी एकेक पातेलं टिचकी मारून ऐकलं. सायकलला टिचकी मारून काही कळेना, म्हणून सीटवरचं प्लॅस्टिक दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी हाय." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी पुढेही कधी ऐकली नाही. माहेरची लाज राहिली.

त्या सायकलला कॅरिअर नव्हतं. कॅरिअर नसलेल्या सायकलवर पोतं न्यायचं नसतं, हे आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. सायकल असतेच कशाला? नवऱ्यानं हळदीचं पोतं दांड्यांच्या मधे कोंबलं, सुतळीनं आवळलं आणि ढकलत वारंगा फाट्याला नेलं. सुतळीचा एक फेर मागच्या टायरच्या बाजूला लागून होता. तो सबंध रस्ताभर घासत गेला. टायरची कड फाटली, आतले धागे निघाले आणि त्यातून ट्यूब लिंबाएवढी बाहेर आली.

फाट्यावर सायकलचं दुकान होतं, पण तिथेच आमचं अर्धं गाव चहा पीत बसायचं. सासऱ्यानं दिलेली सायकल जावयानं पोत्यापायी फाडली, हे त्यांना कळू नये म्हणून नवऱ्यानं ती हातानं घरी ढकलत आणली. "मीच करतो," म्हणाला. हा माणूस टॉर्चचे सेल बदलायलाही मला हाक मारायचा.

अंगणात त्यानं दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायर उपसून काढलं. चमचे वाकले. सासूबाई शेजारीच ज्वारी पाखडत होत्या.

टायर उलटं केलं तर आत, फाटलेल्या जागेपासून लांब, भलतीकडेच जुन्या टायरचा एक तुकडा बसवलेला होता. दुकानदार त्याला गेटर म्हणतात. टायर फाटलं की आतून लावतात. हा हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला होता.

दोरा मी ओळखला. वडील सिद्धेश्वर धरणावर जाळी टाकायचे. तो दोरा आमच्या घरात चपलेला होता, छत्रीला होता, माझ्या दप्तराच्या बंदालाही होता. गाठही त्यांचीच, दोन वेढ्यांची, शेंडी राखलेली. म्हणजे सायकल जुनी होती. कुणाची तरी वापरलेली घेऊन, शिवून, रंगवून, वर प्लॅस्टिक चढवून त्यांनी मांडवात उभी केली होती.

सासूबाईंना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं. मला बोलणी बसली असती, ती मी ऐकून घेतली असती. पण वडिलांना या दारात पुन्हा मान वर करून येता आलं नसतं.

"काय रे ते आत?" सासूबाईंनी सूप थांबवून विचारलं.

नवऱ्यानं दोऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कंपनीचंच हाय, माय. डोंगराच्या सायकलला आतून डबल अस्तर देतेत."

सूप पुन्हा सुरू झालं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि तोवर मला हा माणूस फारसा आवडत नव्हता. त्या दुपारी आवडला.

मग त्यानं वडिलांचं काम समोर ठेवून त्याची नक्कल केली. जुन्या टायरचा तुकडा कापला, सोल्युशन फासलं, पोती शिवायच्या दाभणानं सुतळीचे टाके घातले. सायकल चालू लागली, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला उचकी द्यायची. दुहेरी अस्तराची बातमी मात्र सासूबाईंनी गावभर केली.

दिवाळीला वडील मला न्यायला आले. त्यांच्या हातात कप देताच सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, सायकल लई भारी दिली तुमी. आतून डबल अस्तर हाय म्हणं कंपनीचं."

वडिलांचा कप तोंडाशीच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत नसलेला जाळ सारू लागले.

"व्हय मामा," नवरा म्हणाला. "कंपनीचा टाका पक्का हाय. माझाच निघून राहिला."

वडील कप खाली ठेवून म्हणाले, "आणा इकडं."

दोघं अंगणात बसले. नवऱ्यानं टायर धरलं, वडिलांनी सुतळी उसवली आणि सवयीनं खिशात हात घातला. काडीला गुंडाळलेला हिरवा दोरा बाहेर आला. तो दाभणात ओवून झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की सासूबाई समोर उभ्या आहेत.

सासूबाईंनी दोरा पाहिला. खाली वाकून टायरमधला जुना टाका पाहिला. त्यावरून एकदा बोटही फिरवलं.

"कंपनीच घरी आली म्हणायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चहा गार झाला बघ पाव्हण्याचा. दुसरा ठेव. दूध जास्त घाल."

ही गोष्ट त्यांनी गावात कुणालाच सांगितली नाही.