गॅरेजातली थप्पड

गणपत मिस्त्रीचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. लालबागच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्यावरून त्याने एकाचा दात पाडला होता, गणपतीच्या मंडपात दुसऱ्याचं नाक फोडलं होतं. आणि घरात होती बायको, सुभद्रा. आमटी जरा खारट झाली की तिचं डोकं भिंतीवर. शेजारणी ऐकायच्या आणि टीव्हीचा आवाज वाढवायच्या. एरवी दुसऱ्याच्या घरात डोकवायला मेल्यांना मुहूर्त लागत नाही!

पण रे रोडच्या आपल्या गॅरेजात त्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. सत्तावीस वर्षं. तिथे ती वहिनी होती. पार्ट तीच आणायची. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून अंगाचा भार टाकायची आणि गाडी किती वेळा झुलते त्यावरून चाकाजवळचा धक्के झेलणारा शॉकअप जिवंत की मेला ते सांगायची. टॅक्सीवाले मिस्त्रीपेक्षा तिच्या तळव्यांवर जास्त विश्वास ठेवायचे. घरात मार खाल्लेली ही बाई दहा वाजता शटर वर करायची तेव्हा तिचा कणा सरळ व्हायचा. एवढंच काय ते तिचं होतं, आणि ते ती जिवापाड जपायची.

गेल्या मार्चमध्ये गिरगावचा दातांचा डॉक्टर, माधव शिरोडकर, आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. पंचवीस वर्षांची जपानी गाडी, दोनच दारं, पोट जमिनीला टेकलेलं. प्रत्येक खड्ड्यात ठोका बसत होता. चारही शॉकअप गेले होते.

"जुनेच खोलून जाड तेल भरतो," गणपत म्हणाला. "नायतर रेसवाली पोरं लावतात तसे कडक टाकू. बोला."

माधव सुभद्रेकडे वळला. "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

इथेच ठिणगी पडली. नवऱ्याच्या मानेची शीर फुगलेली सुभद्रेने पाहिली. घरात असती तर गप्प बसली असती. पण हे गॅरेज होतं.

"कडक नको," ती म्हणाली. "शॉकअप गाडीकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून घ्यायचा. तुम्ही रोज हिंदमाताच्या खड्ड्यांतून जाणार, रेसला नाय. गाडी म्हातारी आहे, कडक टाकलेत तर बॉडीचा पत्रा फाटेल. हिच्या स्प्रिंगला जुळतील असे, कमीजास्त कडक करता येतात तसे मागवा. महिना लागेल, लागू दे. आणि हे जुने उघडायचे नाहीत. गॅसचे आहेत."

"गप रव! तुका काय कळता?"

"अहो, त्याच्यावर लिहिलंय."

थप्पड अशी बसली की सुभद्रा टायरांवर जाऊन कोसळली. कानातली कुडी तुटून मानेवर रक्त आलं. माधव नुसता "अहो, अहो" करत राहिला. शिकलेल्या माणसाची मजल तेवढीच. समोरचा पंक्चरवाला बघत होता, दोन टॅक्सीवाले बघत होते. सुभद्रा पुढे सांगायची, दुखलं काहीच नाही, पण लाजेने अंग पेटलं.

गणपतने आधीच काढून ठेवलेला एक शॉकअप शिकंज्यात आवळला आणि कटर चालू केला. तेलाचे असे हजारभर तरी त्याने आजवर कापले होते.

"त्यात गॅस दाबलेला आहे, जीव जाईल तुमचा!" ती जमिनीवरून ओरडली. मार खाऊनही ओरडली, हे लक्षात घ्या.

पातं नळीत शिरलं आणि तोफेसारखा आवाज झाला. आतला पोलादी दांडा सुटला तो थेट गणपतच्या खांद्यावर बसला. गणपत शटरवर जाऊन आदळला. गळ्याजवळचं हाड मोडून कातडीतून बाहेर आलं होतं. तेल कुठलं आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं. तो गुरासारखा ओरडत होता. सुभद्रेने पदर फाडून जखमेत कोंबला आणि गुडघा रोवून दाबून धरला. क्षणभर तिला वाटलं होतं, दाबूच नये, वाहू द्यावं. हे तिने पुढे कोणापासून लपवलं नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर गणपत रडला. बायकोच्या पाया पडायला वाकला.

"इथे नको," ती म्हणाली. "मारलंत तिथे. त्याच लोकांसमोर."

पाच आठवड्यांनी शॉकअप आले, तिने सांगितले होते तसलेच. शेजारच्या फिटरने बसवले. सुभद्रेने कोपऱ्यावर भार टाकला. गाडी एकदा वर आली आणि शांत झाली. माधव खूश होता. पंक्चरवाला आणि टॅक्सीवाले चहा पीत उभे होते. गळ्यात हात अडकवलेला गणपत पुढे आला.

"डॉक्टर, त्या दिवशी चूक झाली माझी."

"त्यांना नाही," सुभद्रा म्हणाली. "मला सांगा."

चहाचे पेले हातातच राहिले. गणपत तिच्याकडे वळला.

"सुभद्रा, चुकलो मी. हात उचलायला नको होता."

"ही माफी एका थपडेची झाली. घरातल्या थपडांचं काय?"

किती होत्या, ते गणपतला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं.

त्या संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी घेऊन गिरगावात बहिणीकडे गेली, ती चाळीत परतली नाही. गॅरेज मात्र अजून तीच उघडते, सकाळी दहाला. गणपत साडेदहाला येतो आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "आत येऊ?"