व्याह्यांची चहाची पोटली

माझ्या व्याह्यांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही, आणि त्यांच्याइतका उशीर करणाराही नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण माणूस ओळखायला तेवढं पुरतं. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. सारी हयात वरठीला पोलादाच्या भट्टीवर गेली. "लोखंड टायमावर नाही काढलं तर सत्यानाश होते जी," हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता झोपेतही माझी मान हलते. थकलो मी या माणसाला. पण मुलगी त्या घरात दिलेली, थकून सांगता कोणाला!

नोकरी संपून भट्टी सुटली, तसा व्याह्यांनी चहा धरला. प्यायचा नव्हे, मोहाच्या दारूत भिजवायचा. मोहाला वास फार, आणि इहिनबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तो मुळीच खपत नाही. बाटली उघडली की पदर नाकाला लावून त्या शेजारी जातात, त्या दिवे लागल्यावर येतात. "चायपत्तीनं वास मरते," असं व्याह्यांचं म्हणणं. काचेच्या बरणीत मोहाची ओतायची, जुन्या धोतराच्या फडक्यात चहापत्ती बांधून ती पोटली दोऱ्यानं आत सोडायची. पोटली पडते दुपारी, आणि उतरतं ऊन ओसरीच्या पायरीवर आलं की काढायची. त्यापुढं राहिली तर कडू. नियम चोख आहे. पण पोटली पडली की व्याही भट्टीच्या गोष्टी काढतात. ऊन पायरी चढतं, भिंतीवर जातं, मावळतं, आणि व्याही अजून कारखान्याच्या गेटातच असतात. मग कपाळावर हात मारून पोटली ओढतात. रंग काळाकुट्ट, जीभ टाळूला चिकटते. तीही ते बशीत ओतून, चहाच्या सवयीनं फुंकर मारून पितात.

"इवाई, थंडी आहे जी ते," मी म्हणायचो. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"असू द्या. जीभ पोळली तर तुमी देता काय नवी?"

आधी ऐकायला कारखान्यातले दोन सोबती यायचे. एक मुलाकडे नागपूरला गेला, एकानं खाट धरली. उरलो मी. कुरकुरते गुडघे घेऊन माझ्या गावाहून सायकल मारत जायचो. एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "इवाई, याच्यात चामडं भिजू घाला, चांगल्या चपला होतीन."

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. "जमत नसन तर येऊ नोका जी."

"नाही येत."

मी बोललो की बोललो. रोवणी झाली, निंदण झालं, धान लोंबीवर आलं, सायकल त्या रस्त्याला वळली नाही. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तुमी दोघंबी लेकरं झाले काय? मी कोनाकडून बोलू?" मी विचारायचो, "धान कसं आहे तिकडचं?"

शेवटी ती स्वतःच आली आणि पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. "मामाजीनं देली." मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे व्याही.

बशीत घेतली. रंग मधासारखा. मोहाचा वास नाही, कडवटपणा नाही, चहाचा सुगंध तेवढा मागं रेंगाळतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमली होती.

"कोनं बनवली हे?"

"मामाजीनंच. आता बरोब्बर टायमावर काढतेत. बोलाले कोनी नाही न, बाबा. पोटली टाकली का पायरीकडे पाहत बसून राह्यतेत."

दुसरी बशी मला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. माफी मागायला नव्हे, ती मी कोणाची मागत नाही. बाटली परत द्यायची होती. व्याही ओसरीत एकटेच होते, बरणीत पोटली पडलेली.

"या," म्हणाले. मग बाटली हातात घेऊन, "कशी लागली?"

"पह्यलेसारखी नव्हती जी."

व्याही हसले नाहीत, पण आत जाऊन दुसरी बशी घेऊन आले. मी पायरीवरच बसकण मारली, बरोबर ऊन येतं त्या जागी.

"इवाई, ते भट्टी विझली होती, ते गोष्ट सांगा बरं."

"सांगतली नाही काय तुमाले?"

"नाही."

त्यांनी सुरू केली. ऊन आलं, पायरीऐवजी माझ्या पाठीवर चढलं, चांगलं भाजायला लागलं. मी हललो नाही.