उंदराच्या आईनं काय खाल्लं

निपाणीच्या आमच्या गल्लीत तानीबाईंसारखी भरली वांगी कुणालाच जमायची नाहीत. मी लहानपणी खाल्लीत, म्हणून सांगतो. पण लेक समता जन्मली आणि त्यांनी वांगं सोडलं. पोरीला पाळण्यातच खाज सुटली. हात, मान, गाल, सगळं लालबुंद. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या नणंदेनं, अक्काताईनं, फणीनं स्वतःच्या नडग्या खाजवत निकाल दिला, "पोटुशी असताना वांगी हाणलीस न्हवं? भोग आता."

हा निकाल पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ऐकवला गेला. तंबाखूच्या वखारीत मुकादमाला गप्प बसवणाऱ्या तानीबाई इथं मात्र मान खाली घालायच्या. मला तेव्हापासून अक्काताईचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

समता शिकली आणि बेळगावात एका प्रयोगशाळेत इसबावर, म्हणजे ह्याच खाजेवर, संशोधन करू लागली. तेही उंदरांवर. गल्लीला हे पचेना. आम्ही सापळे लावून उंदीर मारतो आणि ही पगार घेऊन पाळते. अक्काताई म्हणाली, "आईनं पोरीला खाज दिली, पोरगी उंदरास्नी देतीया."

तानीबाई एवढंच म्हणाल्या, "युवराज, मला ती उंदरं बघायची हाईत. संगं चल." मी गेलो.

टोपी, झगा, पायांत निळ्या पिशव्या अशा थाटात आम्ही काचेपुढं उभे राहिलो. आत एक पिल्लू मागच्या पायानं कान खराखरा खाजवत होतं. तानीबाईंचे डोळे भरले. "तुझ्यागतच की गं."

समतानं समजावलं. कातडी ही भिंत. ह्या उंदरांत ती भिंत घट्ट ठेवणारी एक गोष्ट जन्मापासूनच कमी. मग धूळ, साबण, काहीही आत शिरतं आणि खाज सुटते. बऱ्याच माणसांचंही असंच असतं.

"ह्यांच्या आईनं काय खाल्लंतं?" तानीबाईंनी विचारलं.

"ह्या सुक्या गोळ्या. सगळ्यास्नी त्याच."

"वांगं?"

"आई, हितं वांगं आणलं तर माझी नोकरी जाईल."

"मग आलं कुठनं हे?"

"रक्तातनं. आईकडनं, न्हायतर बापाकडनं." समता काचेपासून आईकडं वळली. "आत्या फणीनं नडग्या का खाजवती, इचारलंयस कधी?"

परतताना बस संकेश्वरला थांबली. तानीबाई एकाएकी अशा हसायला लागल्या की कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, काय झालं म्हणून. हसता हसता रडल्या. "पोरीला मी न्हाय रं काय केलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर वांग्यांचा वास सुटला. पहिला डबा अक्काताईकडं गेला. "वन्सं, खावा. उंदराच्या आईनंबी खाल्लं न्हवतं." अक्काताईला काही कळलं नाही, पण फणी बाजूला ठेवून तिनं डबा उघडला.

मी ताट घेऊन चुलीपाशी बसलोच होतो. तानीबाईंनी आधी स्वतःला वाढून घेतलं.