फाइल उघडेपर्यंत

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर आमच्या आर्किटेक्ट सरांचं ऑफिस होतं. तिथे मी अकरा वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे काढले. त्यातली निम्मी वर्षं फाइल उघडायची वाट बघण्यात गेली. स्क्रीनवर वाळूचं घड्याळ फिरत असताना माणूस बोलणार नाही तर काय करणार?

जड झालेली फाइल हलकी करायचं काम माझ्याकडे यायचं. का, ते कळलं नाही. एकदा एक फाइल माझ्या हातून सुधारली होती, तेवढं पुरलं असावं.

*

खलीलभाई आमचे सीनियर ड्राफ्ट्समन. मस्कतला बारा वर्षं काढून परतलेले. करंजाड्याच्या एका सोसायटीच्या प्लॅनवर त्यांनी आंब्याची झाडं लावली आणि फाइल हलेचना! मी एक झाड मोठं करून बघितलं. प्रत्येक पान वेगळं काढलेलं. पानाला शिरा. मध्ये मध्ये कैऱ्या. अशी एकशे चाळीस झाडं.

"खलीलभाई, पानं समजू शकतो," सर म्हणाले. "कैऱ्या कशाला?"

"सबमिशन मे महिन्यात आहे ना सर?"

*

एका फाइलमध्ये पूर्ण नकाशा बघायला गेलं की बिल्डिंग मोहरीएवढी दिसायची. म्हणजे लांब कुठेतरी काहीतरी पडलेलं. मी अर्धा दिवस शोधलं. बिल्डिंगपासून, त्या मापाने, साधारण पुण्याच्या अंतरावर एक बारीक ओळ सापडली. मीच लिहिलेली.

"हे आठवणीने पुसणे."

*

गव्हाणच्या घरत काकांना त्यांच्या नव्या बंगल्याचा पीडीएफ मेल केला. ते सायबर कॅफेत जाऊन बसले. तासाभराने फोन.

"पोरी, जोतं झालं. भिंती आल्या. जिना अजून नाय."

नकाशा त्यांच्यासमोर एकेक रेष करून उमटत होता. परत फोन. "आता फरशी बसतेय. एकेक लादी."

मी म्हटलं, "काका, लाद्यांच्या रेषा फार झाल्यात. बंद करा. मी हलकी फाइल पाठवते."

"नको नको! परत जोत्यापासून कोन थांबनार?"

*

त्या धड्यानंतर मी पुढचा पीडीएफ इतका बारीक केला, इतका बारीक केला, की मेल बटण दाबायच्या आत गेला. मंजुरीच्या टेबलावरच्या साहेबांचा लगेच फोन आला.

"मॅडम, फाइल झटकन उघडली. अभिनंदन. पण उघडून बघायचं काय?"

*

आमच्या ऑफिसातल्या वर्तक काकांनी सगळी हयात ड्रॉइंग बोर्डावर शाईने रेषा ओढल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले. चिरनेरजवळच्या एका शाळेची नवी इमारत त्यांच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी नकाशे द्यायचे, आणि फाइल प्रिंटला जाताना दर वेळी बंद पडत होती. सर दोनदा येऊन गेले. काका परत परत प्रिंट देऊन बघत होते. कान मात्र लाल झालेले.

मी बसले. एक रेष पुसली. खाली तीच रेष! ती पुसली, तेव्हा जागा मोकळी झाली. अख्खी शाळा दोनदा काढलेली होती.

"काका, प्रत्येक रेष दोनदा?"

"शाईत तसंच करायचं. एकदाच ओढली तर फिकी उठते."

मी त्यांना रेषेची जाडी वाढवायचं बटण दाखवलं. ते वाकून बघत राहिले. "असं होय," एवढंच म्हणाले. मला उगाच दाखवलं असं झालं. एकावर एक बसलेल्या रेषा काढून टाकायची एक कमांड असते. ती दिली. फाइल पिसासारखी हलकी झाली.

सकाळी प्रिंट द्यायच्या आधी सवयीने तपासलं. एका भिंतीवर रेषा परत दोन होत्या. फक्त एकाच भिंतीवर. मी मागे वळून बघितलं.

काका पेन्सिलीला टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, "बाकीच्या तुझ्या म्हणण्याप्रमाणे राहू दे. ती पश्चिमेची आहे. पाऊस तिकडून झोडपतो, आणि पहिलीची पोरं त्याच वर्गात बसणार."