सव्वा मूठ गहू

जिभेच्या कडेची जखम कर्करोगाची निघाली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात, आशा आहे," आणि ऑपरेशनसाठी पुढचा बुधवार ठरवून दिला. घरी येऊन मी पत्नीला सांगून टाकलं, मी जाणार नाही. जळगावात माझं विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे आतली जळालेली तार नव्याने गुंडाळायचं दुकान आहे. पार जळालेल्या मोटारीवर खर्च करू नका, असं मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. तोच न्याय स्वतःला लावला. खरं तर मी घाबरलो होतो. पण हट्टी माणूस आपल्या भीतीला वैराग्य म्हणतो, तसं माझं झालं होतं. पत्नी रोज रडायची आणि मी भिंतीकडे बघत बसायचो.

त्याच आठवड्यात श्रावणातला कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण आला, म्हणून आम्ही भडगावजवळच्या आमच्या गावी गेलो. हे शेवटचं दर्शन, असं मनात म्हणत मी स्वतःचीच कीव करत होतो. देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्याकडे घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. ते एकत्र दळायचे आणि रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. शनिवारी सकाळी माझी थोरली चुलती, अक्का, सुपात मुठी टाकत होती. मी जवळ बसून हळूच म्हणालो, "अक्का, मनी मूठ नको टाकू या साल. मी काई आते ऱ्हात नई."

अक्काने सूप माझ्यापुढे सरकवलं. "टाकी दिधी ना भाऊ मी. बठ्ठा गहू एक व्हई ग्यात. आते तुना दाना कोनता, तूच निवडी काढ."

ती काही मला धीर देत नव्हती. चक्कीवाला देवीच्या दळणासाठी चक्की धुऊन वाट बघत होता आणि तिला उशीर होत होता. माझा वेडेपणा बघा, मी खरंच माझा दाणा निवडायला सुपात हात घातला. पुतण्याच्या महिनाभराच्या बाळाची मूठ त्यातच होती आणि माझीही. बोटं गव्हात तशीच राहिली आणि मी सगळ्यांदेखत मोठ्याने रडलो. अक्काने रडू दिलं. मग रडणं ओसरल्यावर म्हणाली, "व्हयनं? उचल सूप. चक्कीवर जानं शे."

मी सूप उचललं. चक्कीकडे जाताना आपल्याला कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं, आणि रोगाचं नाव कळल्यापासून पहिल्यांदाच छाती हलकी झाली. याला कुणी मनाचा खेळ म्हणेल, म्हणू द्या. रविवारी तोंड झोंबत होतं, म्हणून रोट दुधात कुस्करून खाल्ला आणि पत्नीला म्हटलं, "बुधवारी ऑपरेशनला जाऊ." तिने अजून थोडं दूध वाढलं.

शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होतो. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र देवीला एवढंच म्हणालो, आई, मी आलोय, पुढचं तू बघ.

जिभेचा तुकडा गेला, मग किरणांचे शेकही झाले. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पुढचं मला ठाऊक नाही आणि त्यावाचून माझी झोप अडत नाही. बडबड तेवढी कमी झाली नाही, अशी पत्नीची तक्रार आहे. सकाळी दुकान उघडताना मी देवीचं नाव घेतो. जड जिभेवर ते नीट उमटत नाही. तिला कळतं.